पान दोनशे चौदावरचा केक

हॉबार्ट, रविवार.
डोंगरावर बर्फ, खाली नुसताच वारा.

आदरणीय डॉर्कस आत्याबाई यांस,

भाचा ॲल्बन याचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे वाकणे यंदा जरा कमी आहे, आदरात मात्र कसूर नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात मी तेलाने चोळण्याविषयी सविस्तर लिहिले होते, त्याआधीच्या पत्रात शेकण्याविषयी लिहिले होते. उत्तर आले नाही, याचा अर्थ दोन्हींपैकी एकाने तरी गुण आला असावा असे मी धरून चाललो आहे. पत्राला उत्तर न पाठवण्याचा तुमचा परिपाठ आम्हा सर्वांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. उलट त्यामुळे माझी विधाने खोडली जात नाहीत, आणि शिकवण्यात आयुष्य काढलेल्या माणसाला याहून मोठे सुख नसते. डीकन अजून मेंढ्यांच्या ट्रकवर भुंकतो का? त्या कुत्र्याला माझी आठवण सांगावी. इकडे कांगारूंच्या धाकट्या भावंडांनी, वॉलबींनी, माझ्या गुलाबाच्या शेंड्यांचा फराळ केला, एवढे सोडले तर सर्व क्षेम आहे.

आता मूळ विषय. तो तुमच्याशी संबंधित आहे, परंतु तेथे पोहोचायला थोडा वळसा पडेल. (विषय क्रमाने मांडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, शाळेत लॅटिन शिकवल्याचा हा परिणाम आहे. लॅटिन बंद झाले, परिणाम राहिला.) तुम्हाला माहीत आहेच की मी गेली काही वर्षे ‘मटनबर्ड’ नावाच्या डेटाबेसचे मॅन्युअल लिहितो. डेटाबेस म्हणजे माहिती साठवण्याचे कोठार. आपल्या टिंकर्स फ्लॅट गावच्या मर्विन क्लटरबकने ते बांधले आणि त्याला त्या समुद्रपक्ष्याचे नाव दिले, कारण तो पक्षी अर्धी पृथ्वी ओलांडून नेमका आपल्याच बिळात परततो. माहितीनेही तसेच परतावे अशी मर्विनची इच्छा होती. कोठारातून काही बाहेर काढायचे तर यंत्राला आज्ञा लिहून द्यावी लागते, आणि आज्ञा कशी लिहावी याची उदाहरणे मी लिहितो. लोक मॅन्युअलमधले स्पष्टीकरण वाचत नाहीत, आत्याबाई. माझी परिच्छेदांची मेहनत ओलांडून ते थेट उदाहरणावर उतरतात, ते जसेच्या तसे उचलतात आणि आपल्या यंत्रात चिकटवतात. हे कळल्यावर प्रथम मला वाईट वाटले होते. आता मी उदाहरणे अधिक जपून लिहितो.

तर गेल्या महिन्यात आपियाहून एका ग्रंथपालबाईंचे अतिशय सभ्य पत्र आले. त्यांनी यंत्राकडे फक्त कपाटात असलेल्या पुस्तकांची यादी मागितली होती, आणि यंत्राने सगळ्याच पुस्तकांची दिली, हरवलेलीही धरून. परिणामी गावचे वयस्क पाद्रीबुवा शिडी चढून सर्वात वरच्या फळीपर्यंत गेले आणि तेथे नसलेल्या पुस्तकासाठी बराच वेळ तेथेच राहिले. बाईंनी आपली आज्ञा सोबत पाठवली होती. ती पाहिली आणि मला दोन गोष्टी दिसल्या. एक, आज्ञेचा क्रम चुकला होता. दोन, त्यांच्या ग्रंथालयातील सर्व पुस्तके ज्या तक्त्यात ठेवली होती त्या तक्त्याचे नाव ‘फ्रूटकेक’ होते. मी नम्रपणे कारण विचारले. त्यांनी तितक्याच नम्रपणे कळवले की मॅन्युअलच्या पान दोनशे चौदावर तसेच लिहिले आहे.

मी पान दोनशे चौदा उघडले. (ते माझ्या आधीचे आहे, मर्विनच्या हातचे.) उदाहरण असे: फ्रूटकेक या तक्त्यातून नाव आणि गुण काढ, गुणांच्या उतरत्या क्रमाने लाव, वरची एकच ओळ दे, आणि छापील पाककृतीप्रमाणे केलेलेच केक घे. येथे शेवटचा तुकडा पहा. तुम्ही कधी फळीवरच्या मुरंब्याच्या बरण्या काढता तेव्हा आधी गूसबेरीच्या तेवढ्या बाजूला घेता, मग त्यांतली सर्वात जुनी उचलता. आधी निवड, मग रांग. कोणी जर आधी सर्वात जुनी बरणी उचलून तुमच्या हातात दिली आणि मग म्हणाले, ‘हां, पण गूसबेरीचीच हवी होती,’ तर तुम्ही त्याला काय म्हणाल ते मी येथे लिहीत नाही. यंत्रही तेच म्हणते. अट आधी यायला हवी. रांग, आणि रांगेतला पहिला, हे नंतर. किती सुंदर आहे हा नियम! (क्षमा असावी. पण खरोखर सुंदर आहे.) करायचे होते ते इतकेच की शेवटची ओळ उचलून दोन ओळी वर ठेवायची. मी ती ठेवली, चहा घेतला, आणि आजचे काम झाले असे मनात म्हटले.

त्यानंतर आमच्या कार्यालयातला तांबडा दिवा लागला.

तो दिवा कॉफीच्या यंत्रावर बसवलेला आहे. मॅन्युअलमधील प्रत्येक उदाहरण आमचे यंत्र रोज स्वतः करून पाहते आणि आलेले उत्तर छापलेल्या उत्तराशी ताडते. जुळले नाही की दिवा लागतो, आणि ज्याच्या बदलामुळे लागला त्याने शुक्रवारी सकाळच्या चहाला केक आणायचा असा आमच्याकडचा कडक रिवाज आहे. दुकानचा चालत नाही. एकदा एकाने दुकानचा केक घरच्या डब्यात घालून आणला होता. त्याच्याशी लोक आजही बेताने बोलतात. मी दिवा पाहिला आणि मला कळेना, चूक दुरुस्त केल्यावर चूक कशी निघाली? आमची मुख्य अभियंता नायरी (रोटोरुआकडची, उंच, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा) माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, “ॲल्बन, राजा, दोनशे चौदाला हात लावलास होय? त्याला कोणी हात लावत नाही.”

तिने सांगितलेली हकीकत अशी. मर्विनचे पहिले यंत्र भोळे होते. अट उशिरा आली तर ते भांडत नसे. तिला दार उघडून आत घेई, फक्त वाढत नसे. म्हणजे अट नुसती बसून राही आणि उत्तर तिच्याविनाच निघे. पुढे यंत्र शहाणे झाले आणि असल्या आज्ञा परत पाठवू लागले. त्याबरोबर पान दोनशे चौदाचे उदाहरणही परत येऊ लागले आणि तक्रारींचा पाऊस पडला. सरळ मार्ग होता मॅन्युअल दुरुस्त करण्याचा. परंतु ते नुकतेच छापून मर्विनच्या शेडमध्ये छतापर्यंत रचले होते, आणि मर्विनला रद्दीचा तिटकारा. तेव्हा त्याने यंत्रालाच एक अपवाद शिकवला: तक्त्याचे नाव ‘फ्रूटकेक’ असेल तर चूक दिसली तरी गप्प बसायचे. मॅन्युअल बदलण्यापेक्षा जग बदलणे त्याला स्वस्त पडले. आणि जगाने ते मान्य केले, आत्याबाई. ज्याची आज्ञा यंत्र परत पाठवी, त्याला कोणी तरी अनुभवी माणूस कानात सांगे, ‘तक्त्याला फ्रूटकेक नाव दे, मग ते कटकट करत नाही.’ आज कालगुर्लीकडच्या एका खाणीतले खनिज फ्रूटकेकमध्ये आहे. एका बेटावरच्या बोटीचे प्रवासी फ्रूटकेकमध्ये आहेत. ट्राउट माशांच्या एका पैदास केंद्राने तर माशांसाठी ‘फ्रूटकेक’ आणि पाण्यासाठी ‘फ्रूटकेक दोन’ असे तक्ते केले, आणि दुसरा चालत नाही म्हणून आम्हाला रागाचे पत्र लिहिले.

अपवाद तूर्त राहू दे, असे नायरीने ठरवले. खाणीला दुखवून चालत नाही. उदाहरण मात्र सुधारायचे. प्रश्न राहिला दिव्याचा. उदाहरणाखाली उत्तर छापले होते, ‘ऊना केटलवेल, चौऱ्याण्णव’. अट वर नेल्यावर, म्हणजे तिला पाटावर बसवून रीतसर वाढल्यावर, उत्तर आले ‘डॉर्कस पेटिफर, त्र्याण्णव’.

होय, आत्याबाई. तो तक्ता मर्विनने रचलेला नाही. सव्वीस वर्षांपूर्वीच्या आपल्या गावच्या कृषी प्रदर्शनातला फ्रूटकेक स्पर्धेचा तो खरा निकाल आहे, आणि पान दोनशे चौदावरची आज्ञा तीच आहे जी मर्विनने त्या दिवशी मंडपात, सर्वांच्या देखत, यंत्राला दिली होती. ऊनाबाईंच्या नावापुढे पाककृतीच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलेले आजही आहे. केक कापताना आत जर्दाळू दिसले होते, आणि प्रदर्शन समितीच्या छापील पाककृतीत जर्दाळू नाहीत. पाककृतीबाहेर एक मनुका गेला तरी केक बाद हा नियम पोरासोरांनाही पाठ. पण यंत्र बोलले म्हटल्यावर रकाना कोण पाहतो. जर्दाळू होते, जर्दाळू होते, असे तुम्ही म्हणत राहिलात, आणि सारे गाव म्हणाले की डॉर्कसला हार सोसत नाही. ते तुमचे म्हणणे खरे होते. पहिल्या क्रमांकाची निळी फीत तुमची होती. नायरी माझ्या पाठीमागे उभी राहून तेच उत्तर पाहत होती.

“पेटिफर,” ती म्हणाली. “तुझंच आडनाव ना रे हे?”

“आत्या आहे.”

“सख्खी?”

“वडिलांची धाकटी बहीण.”

“म्हणजे बघ हं. तू एक ओळ वर उचललीस आणि आत्याबाई पहिल्या आल्या.” तिने ओठ दाबले. “दुरुस्ती बरोबर आहे, मला दिसतंय. पण उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू? घरचं माणूस वर चढतंय, तर खाली उतरणाऱ्या बाईला निदान विचारून तरी ये. ती हो म्हणाली तर सही मी करते.”

हे न्याय्य होते. म्हणून शनिवारी मी गाडी काढून टिंकर्स फ्लॅटला आलो. (तुमच्या फाटकावरून गेलो पण थांबलो नाही, याबद्दल क्षमा मागतो; चौकशी चालू असताना एका पक्षाच्या घरी चहा घेणे मला प्रशस्त वाटले नाही. धुराडे दुरुस्त झालेले पाहून आनंद झाला.) ऊनाबाईंनी दार उघडले, मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाल्या, “लॅटिनवाला. पाय पूस आधी.” बसण्यापूर्वी हात धुण्याच्या निमित्ताने मी त्यांच्या संडासात गेलो, आणि तेथे, बसणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर, चौकटीत घालून, पान दोनशे चौदा टांगले होते, काचेच्या कोपऱ्यात निळी फीत. खऱ्या अभिमानाची वस्तू आपल्याकडे तेथेच टांगतात, त्यामुळे त्या पानाची किंमत मला तत्काळ कळली. बाहेर येऊन मी निवड, रांग, अट हे सर्व मुरंब्याच्या बरण्यांसह समजावले. त्यांनी ते मन लावून ऐकले. मग म्हणाल्या, “सव्वीस वर्षांत दोन नळवाले आणि एक बिशप ते वाचून गेले, कोणी चूक काढली नाही. तुला बरी दिसली.”

मी विचारले, जर्दाळू होते का.

“होतेच की. झाडाला लगडले होते, ते काय पोपटांना घालू?” त्या अजिबात ओशाळल्या नाहीत. “त्याच संध्याकाळी फीत घेऊन गेले होते मी डॉर्कसकडे. म्हटलं, घे बाई, तुझी आहे. तर म्हणते, समितीनं दिली तर घेईन, तुझ्या हातून नको. तेव्हापासून दर बुधवारी येते माझ्याकडे. स्कोन खाते, सँडविच खाते, केकला मात्र हात लावत नाही. सव्वीस वर्षं, बाळा. मी दर बुधवारी करते, ती दर बुधवारी बशी पुढे सरकवते, आणि गुरुवारी तो कोंबड्या खातात.”

आत्याबाई, मी गेली कित्येक वर्षे तुमच्या या बुधवारांविषयी ऐकत आलो आहे, पण ही बशी मला ठाऊक नव्हती. मी म्हटले, मग पान बदलू ना? त्या म्हणाल्या, “बदल. पुस्तकातलं बदल, संडासातलं राहू दे. एकदा छापील कागदावर दिसू दे तिला आपलं नाव पहिलं, मग बघू बशी कुठे सरकते ते.” मी कृतज्ञतेने उठलो. दाराशी त्यांनी मला थांबवले. “पण तू फार नियमाचा ना? छापील पाककृतीप्रमाणे केलेलेच केक, असंच लिहिलंयस ना तिथे?”

म्हटले, शब्दशः.

“मग त्या पाककृतीत केक भाजायला किती वेळ लिहिला होता, आठवतं?”

आठवत होते. दीड तास. आता येथे तुम्हाला काही सांगण्याची गरज नाही, परंतु क्रमाला धरून लिहितो. असा सुकामेव्याने गच्च भरलेला केक भट्टीत साडेचार तास तरी हवा. समितीच्या पत्रकात पहिल्या छपाईपासून ‘दीड’ पडले होते. ते सुधारायला सभा बोलवावी लागली असती, आणि सभा म्हटली की प्रत्येकीने घरून काही तरी करून आणायचे, तेव्हा ते राहिले. गावातल्या प्रत्येक बाईला खरा आकडा ठाऊक होता आणि जी ती मुकाट्याने साडेचार तासच भाजत होती. म्हणजे छापील पाककृतीप्रमाणे कोणीच करत नव्हते.

“कोणीच नाही असं नाही,” ऊनाबाई म्हणाल्या. “एक होता.”

त्या वर्षी तुम्हीच मला स्पर्धेत उतरवले होते. स्वयंपाकाने माणसाला अंदाज येतो, असे तुमचे म्हणणे होते. मी पत्रक तीनदा वाचले, घड्याळ लावले आणि दीड तास पूर्ण होताच केक बाहेर काढला. परीक्षकांनी तो चमच्याने चाखला. शेऱ्यात ‘अंतःकरण ओले’ असे लिहिले आणि एकेचाळीस गुण दिले, ते बहुधा माझ्या आईकडे पाहून. घरी परतल्यावर मी तक्ता पुन्हा उघडला. अट आता योग्य जागी आहे. ती खरोखरीच लागू केली, आणि प्रत्येकीच्या नावापुढे खरे ते लिहिले, तर उत्तर येते: ‘ॲल्बन पेटिफर, एकेचाळीस’. हे मी नायरीपुढे घेऊन जाऊ शकत नाही. आत्या एक वेळ चालेल.

तेव्हा माझ्यापुढचा पेच तुमच्या ध्यानात आला असेल. तक्त्यात तुमच्या नावापुढे ‘होय’ आहे, आणि तसाच तो ठेवला तर जगभरच्या मॅन्युअलांत तुम्ही पहिल्या येता, जशा त्या दिवशी यायला हव्या होतात. परंतु मी जाणूनबुजून खोटी नोंद छापणारा माणूस नव्हे. तीस वर्षे मी मुलांना हेच शिकवले. ज्याचे त्यालाच विचारावे हा एकच सरळ मार्ग मला दिसतो. म्हणून हे पत्र. त्या वर्षी तुमचा केक भट्टीत किती वेळ होता, एवढेच मला तुमच्या हस्ताक्षरात कळवावे. जे कळवाल ते मी छापीन. दुरुस्ती शुक्रवारी दुपारी बाहेर पडते.

गुडघ्याची काळजी घ्यावी, चुलीपाशी फार वेळ उभे राहू नये, डीकनला थोपटावे.

आपला आज्ञाधारक,
ॲल्बन

ता. क. वरची चुलीची सूचना शुक्रवारनंतर पाळावी. तांबड्या दिव्याचा दंड मला लागू आहे आणि माझ्या हातचा केक कार्यालयात कोणी खाणार नाही (नायरीला मी एकेचाळीस गुणांची हकीकत सांगून बसलो, ही चूक झाली). एक फ्रूटकेक शुक्रवारी सकाळच्या बसने पाठवावा. पत्रक पाहू नये.

आणखी एक. साडेचार तास तुमच्या गुडघ्याला झेपणार नाहीत म्हणून भट्टीवर लक्ष ठेवायला गुरुवारी सकाळी ऊनाबाई येतील. त्यांच्या पिशवीत जर्दाळू असतील. मी त्यांना नको म्हटलेले नाही. केक दोन करावेत. दुसरा बसने पाठवण्याची गरज नाही, तो बुधवारचा समजावा.

आणि शेवटचे. तुमच्याकडून उत्तर न आल्यास तुमचा केक दीड तासात भाजला होता असे मी धरून चालेन. टपालाच्या भानगडीत पडू नये, ही नम्र विनंती.